नोव्हेंबरातले ब्रिटिश टेनिस

डिसेंबर २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर महिलांची २५ हजार डॉलर बक्षिसाची एक आयटीएफ स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात लीड्समध्ये जन्मलेली नैक्ता बेन्स हरली आणि जेतेपद सतरा वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीकडे गेले. तिचे नाव एमा रॅडुकानू. पुढे एकवीस महिन्यांनी याच मुलीने न्यूयॉर्कमध्ये पात्रता फेरीपासून दहा सामने खेळून, एकही सेट न गमावता अमेरिकन ओपन जिंकली आणि २५ लाख डॉलरचा धनादेश घेतला. जिमखान्यावरून रोज ये-जा करणाऱ्या किती पुणेकरांनी त्या डिसेंबरात आत डोकावले असेल, हे विचारू नये हेच बरे.

ब्रिटिश टेनिसची आठवण आपल्याकडे जूनच्या अखेरीस होते आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी संपते. विम्बल्डनच्या त्या पंधरा दिवसांत वाइल्ड कार्डावर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, आलेली चार-पाच नवी नावे कानावर पडतात, एखादा सनसनाटी विजय होतो, आणि मग ती मंडळी वर्षभर कुठे जातात ते कोणालाच ठाऊक नसते. ती जातात ट्युनिशियातल्या मोनास्तिरला, तुर्कस्तानातल्या अंताल्याला, इजिप्तच्या शर्म अल शेखला, नाहीतर ग्लासगो किंवा संडरलँडच्या बंदिस्त हॉलमध्ये. तिथले टेनिस घरबसल्या पाहता येते, बहुतेक वेळा फुकट. फक्त थोडी ओळख करून घ्यावी लागते.

पहिली ओळख पाट्यांची. सगळ्यात खालच्या पायरीवर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या म्हणजे आयटीएफच्या स्पर्धा. पुरुषांसाठी एम १५ आणि एम २५. महिलांसाठी डब्ल्यू १५, ३५, ५०, ७५ आणि १००. त्यावर पुरुषांची एटीपी चॅलेंजर मालिका, ५० पासून १७५ पर्यंत. महिलांची डब्ल्यूटीए १२५. हा आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे क्रमवारीचे गुण, एवढे लक्षात ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो. एम १५ जिंकणाऱ्याला १५ गुण, पहिली फेरी जिंकून दुसरीत हरणाऱ्याला एक. विम्बल्डनच्या विजेत्याला २००० मिळतात. मधले अंतर या मुलांना एकेका गुणाने कापायचे असते.

पैशांचे गणित तर आणखी कोरडे. एम १५ स्पर्धेत बरीच वर्षे विजेत्याला २,१६० डॉलर आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर मिळत आले. म्हणजे तेरा हजार रुपयांच्या आसपास, तेही कर कापण्याआधी. विमान, हॉटेल, रॅकेटची तार आणि जेवण हे सगळे खेळाडूच्या खिशातून. बिली हॅरिस हा नॉटिंगहॅमचा खेळाडू यावर उपाय म्हणून फोर्ड ट्रान्झिट व्हॅनमध्ये गादी टाकून साधारण तीन वर्षे युरोपभर एका स्पर्धेहून दुसरीकडे फिरला. रात्री व्हॅनमध्ये झोप, सकाळी कोर्टवर. २०२४ च्या जूनमध्ये तो लंडनच्या क्वीन्स क्लबवर उपांत्यपूर्व फेरीत आणि लगेच ईस्टबोर्नला उपांत्य फेरीत पोचला, तेव्हा त्याचे वय होते एकोणतीस. ‘तरुण’ या शब्दाचा टेनिसमधला अर्थ जरा सैल ठेवावा, तो यासाठी.

कोणाच्या मागावर राहायचे ते ठरवताना कनिष्ठ गटातील विजेत्यांची यादी हा सोपा आरंभ आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. वुल्व्हरहॅम्प्टनच्या हेन्री सर्लने २०२३ मध्ये विम्बल्डनची मुलांची एकेरी जिंकली. १९६२ नंतर हे जमलेला तो पहिला ब्रिटिश. त्या वर्षीचा विजेता स्टॅनली मॅथ्यूज म्हणजे त्याच नावाच्या प्रख्यात फुटबॉलपटूचा मुलगा. मिका स्टोयसाव्ल्येविचने २०२४ मध्ये अमेरिकन ओपनमध्ये मुलींचे जेतेपद मिळवले, २००९ मधल्या हेदर वॉटसननंतर प्रथमच. हॅना क्लगमनने चौदाव्या वर्षी, २०२३ मध्ये, अमेरिकेतली ऑरेंज बोल ही अठरा वर्षांखालची नामांकित स्पर्धा जिंकली आणि २०२५ मध्ये फ्रेंच ओपनच्या मुलींच्या अंतिम फेरीत ती हरली. ही तिन्ही नावे वहीत लिहून ठेवण्यासारखी. मात्र कनिष्ठ गटाचा करंडक घरी ठेवून मूल व्यावसायिक स्पर्धांत उतरले की त्याला पुन्हा बालवाडीपासून सुरुवात करावी लागते. समोरचा सव्वीस वर्षांचा, जगात चारशेव्या क्रमांकावरचा खेळाडू त्याचे नाव ऐकून घाबरत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. अठरा वर्षांखालील मुलींना वर्षभरात किती व्यावसायिक स्पर्धा खेळता येतील यावर बंधन आहे: मूळ नियमाप्रमाणे चौदाव्या वर्षी आठ, पंधराव्या वर्षी दहा, सोळाव्या वर्षी बारा आणि सतराव्या वर्षी सोळा. चांगल्या कामगिरीवर त्यात थोडी भर पडते. तेव्हा एखादी सोळा वर्षांची मुलगी दीड महिना कुठेच दिसली नाही तर ती जायबंदी झाली, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. स्पर्धांचा कोटा जपून वापरणे चालू असू शकते, किंवा शाळेची परीक्षा. रॅडुकानूने अमेरिकन ओपनच्या वर्षीच गणित आणि अर्थशास्त्राच्या ए-लेव्हल परीक्षा दिल्या होत्या.

मुलांमध्ये गायब होण्याचे कारण बहुधा अमेरिका असते. ब्रिटिश टेनिसचा एक रस्ता आता थेट टेक्सासमधून जातो. फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत कॅमेरॉन नॉरी शिकला, मग एडिनबराचा जेकब फर्नली, मग जॅक पिनिंग्टन जोन्स. आर्थर फेरी स्टॅनफर्डचा, ऑलिव्हर टार्व्हेट सॅन डिएगोचा. महाविद्यालयीन हंगाम जानेवारी ते मे असा चालतो, त्यामुळे त्या पाच महिन्यांत हे खेळाडू आयटीएफच्या यादीत क्वचित दिसतात आणि त्यांची जागतिक क्रमवारी त्यांच्या खऱ्या खेळापेक्षा कितीतरी मागे राहते. ब्रिटिश टेनिस पाहणाऱ्यासाठी ही सगळ्यात उपयोगी फट आहे. क्रमवारीत सातशेच्या आसपास दिसणारा मुलगा प्रत्यक्षात दोनशेच्या दर्जाचा असू शकतो.

टार्व्हेटचेच पाहा. २०२५ च्या विम्बल्डनला तो ७३३ व्या क्रमांकावरून पात्रता फेरी खेळून आत आला, पहिल्या फेरीत लिआंद्रो रीडीला हरवले आणि दुसऱ्या फेरीत सेंटर कोर्टवर कार्लोस अल्काराझसमोर उभा राहिला. सरळ सेटमध्ये हरला, पण ६-१, ६-४, ६-४ हा निकाल वाचताना शेवटचे दोन सेट नीट पाहावेत. गंमत अशी की दुसऱ्या फेरीचे बक्षीस होते ९९ हजार पौंड, आणि विद्यापीठाच्या खेळाडूंवरील नियमांमुळे त्यातली बहुतेक रक्कम त्याला घेता येत नव्हती. एक ठरावीक छोटी रक्कम आणि झालेला खर्च, एवढेच.

फर्नलीची गोष्ट वर्षभराआधीची आणि जास्त शिकवणारी. जून २०२४ मध्ये तो विद्यापीठातून बाहेर पडला, पाचशेच्या पलीकडच्या क्रमांकावरून नॉटिंगहॅम चॅलेंजरच्या पात्रता फेरीत उतरला आणि स्पर्धाच जिंकून गेला. अंतिम फेरीत समोर होता दुसरा ब्रिटिश, चार्ल्स ब्रूम. त्या जोरावर विम्बल्डनचे वाइल्ड कार्ड मिळाले आणि दुसऱ्या फेरीत नोव्हाक जोकोविचकडून एक सेट हिसकावून तो चार सेटमध्ये हरला. बहुतेक प्रेक्षकांनी इथे टीव्ही बंद केला. पण फर्नलीने वर्ष संपेपर्यंत लिंकन, रेन आणि ओर्लेआँ इथली चॅलेंजर जेतेपदेही जिंकली आणि तो पहिल्या शंभरात आला. जानेवारीत मेलबर्नला त्याने निक किरियॉसला हरवले तेव्हा ज्यांना धक्का बसला, त्यांनी सप्टेंबर पाहिला नव्हता.

क्रमवारी वाचण्याची एक खुबी याच उदाहरणातून कळते. गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. नॉटिंगहॅमला मिळालेले गुण पुढच्या जूनमध्ये जाणारच. त्या आठवड्यात तेवढेच परत मिळवले नाहीत तर खेळाडू काहीही वाईट न खेळता वीस-तीस क्रमांक खाली येतो. म्हणून केवळ आकडा वर गेला की खाली, हे पाहून खूश किंवा निराश होऊ नये. गेल्या वर्षी याच आठवड्यात त्याने काय केले होते ते आधी पाहावे. आणखी एक: एम १५ आणि एम २५ चे गुण क्रमवारीत एक आठवडा उशिरा चढतात. रविवारी करंडक उचललेल्या मुलाचा क्रमांक सोमवारी तसाच दिसला तर घोटाळा झाला असे समजू नये.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे. चॅलेंजर स्पर्धांचे सामने एटीपीच्या चॅलेंजर टीव्हीवर विनामूल्य दिसतात. ब्रिटनमधल्या अनेक स्पर्धांचे प्रक्षेपण तिथली टेनिस संघटना, म्हणजे लॉन टेनिस असोसिएशन, स्वतः करते. आयटीएफच्या संकेतस्थळावर थेट गुणफलक असतो आणि काही कोर्टांवरचा कॅमेराही. कॅमेरा एकच, एका कोपऱ्यात टांगलेला. समालोचक नाही, रिप्ले नाही, शेजारच्या कोर्टवरचा ‘आउट’ आपल्याच सामन्यातला वाटतो. दहा मिनिटांत कान सरावतात.

वेळा महाराष्ट्रातल्या माणसाला फार सोयीच्या आहेत. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात सकाळी दहाला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुपारी अडीचला लागतो, हिवाळ्यात साडेतीनला. मोनास्तिरही वर्षभर आपल्यापेक्षा साडेचार तासच मागे. ऑस्ट्रेलियन ओपनसाठी पहाटे उठणाऱ्यांना आणि अमेरिकन ओपनसाठी जागणाऱ्यांना ही चैनच वाटेल.

समजा, नोव्हेंबरातला मंगळवार आहे आणि मोनास्तिरच्या एम १५ चा ड्रॉ समोर उघडला आहे. बत्तीस नावे. ब्रिटिश ध्वजाशेजारच्या नावापुढे कंसात काय लिहिले आहे, तिकडे आधी नजर टाकावी. ‘क्यू’ म्हणजे तो रविवारपासून पात्रतेचे सामने खेळून आला आहे. त्या फेरीत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो, तेव्हा पाय फारसे थकले नसतील आणि हात मात्र गरम असेल. ‘एलएल’ म्हणजे पात्रतेत हरूनही कोणी माघार घेतल्याने नशिबाने आत आलेला. ‘पीआर’ म्हणजे दीर्घ दुखापतीनंतर जुन्या, राखून ठेवलेल्या क्रमांकावर खेळणारा. अशा खेळाडूचा आजचा क्रमांक पाहून प्रतिस्पर्ध्याला नशीबवान ठरवू नये. ‘जेआर’ ही कनिष्ठ गटात वरच्या क्रमांकावर असणाऱ्यांसाठी राखीव जागा. या दोन-तीन अक्षरांत त्या खेळाडूचे गेले सहा महिने असतात.

मग गुणफलक. ६-७, ६-४, ६-३ असा निकाल दिसला तर विजय आहेच, पण सोबत सर्व्हिसचे आकडे मिळत असतील तर ब्रेक पॉइंट किती वाचवले ते पाहावे. एकोणीस वर्षांचा मुलगा दुसऱ्या सर्व्हिसवर निम्म्याहून जास्त गुण सातत्याने जिंकू लागला की तो वरच्या पायरीकडे निघाला आहे, अशी खूणगाठ बांधायला हरकत नाही. एखाद्या मोठ्या नावाला एकदा हरवण्यापेक्षा लागोपाठ तीन आठवडे उपांत्यपूर्व फेरी गाठणे अवघड असते. जॅक ड्रेपरची नोंद इथे बोलकी आहे. २०२१ च्या विम्बल्डनला त्याने जोकोविचकडून पहिला सेट घेतला, त्याची बातमी जगभर झाली. त्याचे आयुष्य बदलले ते २०२२ च्या सुरुवातीच्या महिन्यांत, जेव्हा त्याने चार चॅलेंजर स्पर्धा जिंकल्या, त्यातल्या बहुतेक इटलीतल्या फोर्ली नावाच्या गावात. वर्षारंभी तो २६५ वा होता, वर्षअखेर पहिल्या पन्नासात. २०२५ मध्ये इंडियन वेल्स जिंकून पुढे जगात चौथा.

कोण कुठे खेळणार हे आधी कळावे म्हणून प्रवेशयाद्या पाहण्याची सवय लावावी. स्पर्धेच्या साधारण अडीच-तीन आठवडे आधी त्या लागतात: मुख्य फेरी, पात्रता फेरी आणि प्रतीक्षायादी. आपल्या रेल्वेच्या वेटिंग लिस्टची सवय असलेल्या वाचकाला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. वरचे लोक नावे काढत जातात, खालचे सरकतात, आणि कोणी आदल्या दिवशी ‘कन्फर्म’ होतो. एकाच आठवड्यासाठी एका खेळाडूचे नाव दोन-तीन यादीत दिसले तरी गोंधळू नये. शेवटी तो एकाच ठिकाणी जातो.

वाइल्ड कार्डबद्दल थोडे कठोर बोलायला हवे. २०२५ मध्ये विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत नुसते खेळण्याचे ६६ हजार पौंड मिळत होते. एम १५ स्पर्धा जिंकून तेवढे कमवायचे तर चाळीस करंडकही पुरणार नाहीत. त्यामुळे यजमान देशाच्या मुलांना मिळणारी ही भेट त्यांचा वर्षाचा खर्च भागवते, आणि त्याबद्दल त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण वाइल्ड कार्ड हा दर्जाचा दाखला नव्हे. तो दाखला हवा असेल तर सोनाय कार्टलकडे पाहावे. ब्रायटनची ही बुटकी, चिवट खेळाडू २०२४ च्या विम्बल्डनला २९८ व्या क्रमांकावर होती. पात्रता फेरी खेळून आत आली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. त्याच सप्टेंबरात तिने डब्ल्यूटीएचे पहिले जेतेपद मिळवले ते मोनास्तिरमध्येच, ज्या गावात बाकीचे खेळाडू १५-१५ गुणांसाठी आठवडेच्या आठवडे घासत असतात. पुढच्या वर्षी ती विम्बल्डनच्या चौथ्या फेरीत सेंटर कोर्टवर खेळली, आणि तिथे रेषा पाहणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाच चुकून काही वेळ बंद राहिली.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. थेट गुणफलक दाखवणाऱ्या अनेक ॲपवर गुणांच्या शेजारीच सट्ट्याचे भाव नाचत असतात. या पातळीवरचे टेनिस सट्टेबाजांचे आवडते कुरण आहे, कारण सामने रोज शेकड्यांनी आणि पाहणारे मूठभर. २०१८ मध्ये एका स्वतंत्र समितीने तर या खालच्या पायऱ्यांवर सट्ट्याने घातलेल्या थैमानाची तुलना त्सुनामीशी केली होती. आज या खेळातली लबाडी शोधण्यासाठी आयटीआयए ही वेगळी संस्था काम करते. हरलेल्या पैशांचा राग खेळाडूच्या इन्स्टाग्रामवर निघतो. ब्रिटिश खेळाडू केटी बोल्टरने २०२५ च्या जूनमध्ये बीबीसीला आपल्याला आलेले संदेश दाखवले, त्यात ठार मारण्याच्या धमक्या होत्या. भाव दाखवणारे ॲप सोडून आयटीएफचेच वापरावे, आणि सामना हरलेल्या मुलीला त्या रात्री सल्ला देऊ नये. प्रेमळ सल्लासुद्धा.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर घराजवळच जाता येईल. लफबराला शिकणारी मुले, नॉटिंगहॅमला किंवा ग्लासगोला नोकरी करणारे, बर्मिंगहॅमचे जुने रहिवासी: सगळ्यांच्या आसपास वर्षातून एकदा तरी व्यावसायिक स्पर्धा होते. हिवाळ्यात लफबरा, संडरलँड, ग्लासगो, श्रुजबरी इथे हॉलमध्ये. अशा छोट्या स्पर्धांना बहुतेकदा तिकीटच नसते. जूनमध्ये हिरवळीवर बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम आणि यॉर्कशरमधले इल्कली. विम्बल्डनच्या आधीच्या आठवड्यात रोहॅम्प्टनला पात्रता फेरी असते. एका दिवसात दहा भावी नावे हाताच्या अंतरावर पाहायची असतील तर ती जागा. थर्मासमध्ये चहा न्यावा, हॉलमध्ये कोट काढू नये, आणि बाजू बदलतानाच हलावे. पन्नास प्रेक्षकांत उठलेला एक माणूस सर्व्हिस करणाऱ्याला दिसतो.

दुहेरी पाहायला विसरू नये. एकेरीत बुधवारी हरलेला खेळाडू बहुधा शनिवारपर्यंत तिथेच असतो, कारण दुहेरी चालू असते. हेन्री पॅटन काही वर्षांपूर्वी विम्बल्डनमध्ये आयबीएमसाठी सामन्यांचे आकडे टिपण्याचे काम करत होता. नंतर ज्युलियन कॅशसोबत चॅलेंजर स्पर्धा जिंकत सुटला आणि २०२४ मध्ये फिनलंडच्या हारी हेलिओवारासोबत विम्बल्डन विजेता झाला. कॅशही मागे राहिला नाही. २०२५ मध्ये त्याने आणि लॉइड ग्लासपूलने तिथले पुरुष दुहेरीचे जेतेपद मिळवले, संपूर्ण ब्रिटिश जोडीने ते जिंकण्याची १९३६ नंतरची पहिलीच वेळ. आयटीएफच्या पानावर दुहेरीचा ड्रॉ वेगळ्या टॅबखाली असतो आणि सुरुवातीला दिसत नाही. तो उघडून ठेवावा.